भारतातील हलक्या विमानांच्या इंजिनांचा प्रश्न : टायगर मॉथ ते एचटी-२ व पुष्पक

प्रस्तावना

भारतीय विमाननिर्मितीचा इतिहास बहुधा विमानांच्या नावांनी लिहिला जातो. कोणते विमान कोणी आखले, ते प्रथम केव्हा उडाले, किती तयार झाली आणि केव्हा निवृत्त झाली, या क्रमाने प्रकरणे रचली जातात. त्या विमानाच्या नाकात कोणते इंजिन होते, ते कोठून आले आणि जुने झाल्यावर त्याच्या जागी दुसरे कोठून आणले, हा तपशील परिशिष्टातील तक्त्यात एका ओळीपुरता उरतो. हलक्या विमानांच्या बाबतीत ही मांडणी अपुरी ठरते. लाकूड, कापड किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा सांगाडा कुशल कारागीर कार्यशाळेत दुरुस्त करू शकतो. प्रसंगी नव्यानेही उभारू शकतो. इंजिनाचा क्रँकशाफ्ट मात्र तसा घडवता येत नाही. त्यासाठी विशिष्ट पोलाद, घडाईचे साचे, तपासणीची यंत्रणा आणि मुख्य म्हणजे मूळ उत्पादकाची मान्यता लागते. त्यामुळे हलक्या विमानाचे आयुष्य सांगाड्यापेक्षा इंजिनाच्या पुरवठ्यावर अधिक अवलंबून असते. भारतात शिक्षण-विमानांची आखणी यशस्वी झाली, परंतु त्यांची इंजिने परदेशीच राहिली. या विसंगतीचे परिणाम काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अर्ध्या इंजिनाची कथा

भारतातील फ्लाइंग क्लबांनी आरंभीच्या काळात वापरलेल्या ब्रिटिश इंजिनांचा उगमच मुळी टाकाऊ मालात आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये युद्धसामग्रीचे ढीग पडून होते. ते विकत घेऊन पुन्हा विकण्यासाठी ‘एअरक्राफ्ट डिस्पोजल कंपनी’ स्थापन झाली. तिच्याकडे रेनॉ बनावटीची, आठ सिलिंडरांची इंजिने मोठ्या संख्येने होती. जेफ्री डी हॅविलँड यांना सामान्य माणसाला परवडेल असे दोन आसनी विमान बनवायचे होते. पण त्याला योग्य असे इंजिन बाजारात नव्हते. अभियंता फ्रँक हाफर्ड यांनी यावर विलक्षण साधा उपाय शोधला. आठ सिलिंडरांच्या त्या इंजिनाचे अर्धे भाग घेऊन, त्यांना नवे क्रँककेस देऊन त्यांनी चार सिलिंडरांचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे ‘सिरस’ इंजिन तयार केले. हे इंजिन बसवलेले ‘मॉथ’ विमान २२ फेब्रुवारी १९२५ रोजी प्रथम उडाले आणि ब्रिटिश साम्राज्यभर फ्लाइंग क्लबांची चळवळ उभी राहिली.

विमान लोकप्रिय झाले. पण ज्या साठ्यावर ते उभे होते तो साठा मर्यादित होता. जुनी रेनॉ इंजिने संपत आली, तेव्हा स्वस्त इंजिनाचा आधारच नाहीसा होण्याची वेळ आली. तेव्हा डी हॅविलँड कंपनीने हाफर्ड यांच्याकडूनच संपूर्ण नवे ‘जिप्सी’ इंजिन आखून घेतले. ते १९२७ मध्ये चालू झाले. पुढे सिलिंडर खाली आणि क्रँकशाफ्ट वर अशी उलटी रचना करण्यात आली. त्यामुळे प्रोपेलर उंच राहूनही वैमानिकाच्या समोरचा दृष्टिपथ मोकळा झाला. या मालिकेतील ‘जिप्सी मेजर’ हे इंजिन १९३२ पासून बनू लागले आणि त्याच्या सर्व आवृत्त्या मिळून चौदा हजारांहून अधिक इंजिने तयार झाली.

या कथेत एक धडा दडलेला होता. दुसऱ्याच्या साठ्यावर उभारलेले विमान त्या साठ्याबरोबरच संपते. डी हॅविलँड यांनी तो दोन वर्षांत ओळखला आणि स्वतःचा इंजिन कारखाना उभा केला. भारतीय उद्योगाला तसे करणे शक्य झाले नाही. त्याची कारणे अज्ञानात नव्हे, तर भांडवलात आणि बाजारपेठेच्या आकारात शोधावी लागतात.

जुहूचा धावपट्टा आणि टायगर मॉथ

मुंबई व दिल्ली येथील फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये सुरू झाले. जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ चा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले ते ‘पस मॉथ’ विमानातून. त्यात जिप्सी मालिकेचेच इंजिन होते. भारतीय नागरी हवाई वाहतुकीचा आरंभ असा एका चार सिलिंडरांच्या इंजिनावर झाला, ही गोष्ट क्वचितच अधोरेखित केली जाते.

दुसऱ्या महायुद्धात बेगमपेठ आणि जोधपूर येथील प्राथमिक उड्डाण शाळांमध्ये टायगर मॉथवर प्रशिक्षण दिले जाई. युद्ध संपल्यावर जगभर हजारो टायगर मॉथ आणि त्यांची सुटी इंजिने लष्कराला नकोशी झाली. १९१९ नंतरची परिस्थिती पुन्हा उद्भवली. फ्लाइंग क्लबांना विमान स्वस्त मिळाले आणि त्याबरोबर काही वर्षे पुरेल इतका सुट्या भागांचा साठाही मिळाला. या सुबत्तेमुळे इंजिनाचा प्रश्न जणू सुटलाच आहे असा समज झाला. प्रत्यक्षात तो पुढे ढकलला गेला होता.

या इंजिनाची देखभाल म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. उलट्या रचनेमुळे विमान उभे असताना तेल हळूहळू पाझरून सिलिंडरांच्या डोक्यात साचते. तेल दाबले जात नाही. अशा स्थितीत इंजिन एकदम फिरवले, तर पिस्टनला जोडणारा दांडा वाकण्याचा संभव असतो. म्हणून सकाळच्या पहिल्या उड्डाणापूर्वी मॅग्नेटोचे स्विच बंद ठेवून प्रोपेलर हाताने सावकाश फिरवावा लागतो. हाताला कोठे अडकल्यासारखे लागते का, चारही सिलिंडरांचा दाब सारखा जाणवतो का, हे त्याच वेळी कळते. टायगर मॉथला सामान्यतः स्टार्टर नसे. प्रोपेलरला झटका देऊनच इंजिन सुरू करावे लागे. त्यामुळे क्लबातील अनुभवी मेकॅनिकला इंजिनाची प्रकृती तळहातावरून समजे. व्हॉल्व्हच्या फटी मोजणे, मॅग्नेटोचे पॉइंट साफ करणे, स्पार्क प्लगवरील काजळी काढणे, तेलाच्या गाळणीत धातूचे कण आले आहेत का ते पाहणे, ही कामे ठराविक उड्डाणतासांनंतर होत. त्याहून अधिक तास भरले की इंजिन उतरवून पूर्ण सोडवायचे, प्रत्येक भाग मोजायचा, क्रँकशाफ्टवर सूक्ष्म तडे आहेत का ते तपासायचे आणि झिजलेले भाग बदलून पुन्हा जुळणी करायची. यालाच ओव्हरहॉल म्हणतात.

ओव्हरहॉल हा शब्द सोपा आहे. त्यामागील गणित कठीण आहे. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगच्या जागा झिजल्या की त्या घासून लहान करता येतात आणि त्या मापाची बेअरिंगे बसवता येतात. परंतु प्रत्येक घासणीला मर्यादा असते. ती ओलांडली की तो क्रँकशाफ्ट कायमचा बाद होतो. सिलिंडरांचेही तसेच. म्हणजे प्रत्येक ओव्हरहॉलबरोबर जगातील वापरण्याजोग्या भागांची संख्या थोडी कमी होते. उत्पादन चालू असेपर्यंत ही घट जाणवत नाही. ते थांबले की साठा एकाच दिशेने जाऊ लागतो. मग एका विमानाचे भाग काढून दुसरे उडते ठेवण्याची पद्धत सुरू होते. हँगरच्या कोपऱ्यात पंख्याविना उभे असलेले विमान पाहून बाहेरच्या माणसाला ते नादुरुस्त आहे असे वाटते. मेकॅनिकच्या दृष्टीने ते कोठार असते.

एचटी-२ : इंजिनाची निवड आणि तिची किंमत

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. १९४२ मध्ये सरकारने तिचे व्यवस्थापन हाती घेतले आणि पुढे अमेरिकन हवाई दलाने हा कारखाना दुरुस्ती व ओव्हरहॉलचे केंद्र म्हणून वापरला. निर्मितीच्या आधी दुरुस्ती, असा या कारखान्याचा प्रवास झाला. इंजिन सोडवून जोडण्याचे कौशल्य येथे लवकर रुजले. ते बनवण्याचे कौशल्य ही वेगळी गोष्ट होती.

स्वातंत्र्यानंतर या कारखान्याच्या आखणी विभागाची धुरा डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्याकडे आली. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज परिसरात १९०८ मध्ये जन्मलेल्या घाटगे यांनी जर्मनीतील ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली होती. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले दोन आसनी, धातूचे शिक्षण-विमान एचटी-२ ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. त्या पहिल्या नमुन्यात १४५ अश्वशक्तीचे जिप्सी मेजर १० इंजिन होते. फेब्रुवारी १९५२ मध्ये दुसरा नमुना उडाला, तेव्हा त्यात ब्लॅकबर्न कंपनीचे १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर ३ इंजिन होते. प्रत्यक्ष उत्पादन या दुसऱ्या इंजिनासह झाले. भारतीय हवाई दल, नौदल व फ्लाइंग क्लब यांच्यासाठी मिळून सुमारे १७० एचटी-२ तयार झाली. घानाच्या नव्या हवाई दलालाही ती पुरवण्यात आली.

पहिल्या आणि दुसऱ्या नमुन्याच्या मधल्या सहा महिन्यांत झालेला हा बदल इतिहासकारांच्या नजरेतून निसटला आहे. त्या वेळी तो किरकोळ होता. दोन्ही इंजिने ब्रिटिश, दोन्ही उत्पादनात, दोन्ही चार सिलिंडरांची व उलट्या रचनेची. दुसऱ्यात दहा अश्वशक्ती जास्त. आखणीकाराने अधिक शक्ती स्वीकारली असेल, तर तीत गैर काहीच नव्हते. तथापि दोन्हींच्या मागे उभी असलेली संख्या सारखी नव्हती. जिप्सी मेजर टायगर मॉथवर होते, लेपर्ड मॉथवर होते, ऑस्टर विमानांच्या काही प्रकारांवर होते. शिवाय कॅनडात आखलेल्या आणि ब्रिटनमध्ये सुमारे एक हजार तयार झालेल्या चिपमंक या शिक्षण-विमानावरही तेच होते. सिरस मेजर ३ वापरणारी विमाने त्या मानाने थोडी होती. ज्या इंजिनाचे गिऱ्हाईक जगभर आहे त्याचे सुटे भाग उत्पादन थांबल्यावरही कोणीतरी बनवतो, कोणीतरी साठवतो. ज्याचे गिऱ्हाईक मोजके आहे त्याचे भाग बनवणे कोणालाच परवडत नाही.

पुढील घडामोडींनी हे स्पष्ट केले. १९६१ मध्ये ब्लॅकबर्नचा इंजिन विभाग ब्रिस्टल सिडली कंपनीकडे गेला. त्याच वर्षी डी हॅविलँडचा इंजिन विभागही तिकडेच गेला आणि १९६६ मध्ये ब्रिस्टल सिडली स्वतःच रोल्स-रॉइसमध्ये विलीन झाली. हाफर्ड यांच्या अर्ध्या इंजिनापासून निघालेल्या दोन्ही शाखा अशा एकाच छपराखाली आल्या. जेट इंजिनांच्या स्पर्धेत उतरलेल्या त्या छपराखाली चार सिलिंडरांच्या पिस्टन इंजिनाला भविष्य नव्हते. चिपमंक मात्र ब्रिटिश हवाई दलात १९९६ पर्यंत टिकले. २००१ मध्ये स्थापन झालेल्या ‘डी हॅविलँड सपोर्ट’ या संस्थेने जुन्या मॉथ व चिपमंक विमानांच्या तांत्रिक आधाराची जबाबदारी स्वीकारली. एचटी-२ च्या बाबतीत हिंदुस्थान एरोनॉटिक्सने दुसरा मार्ग धरला : सिरसच्या जागी १६० अश्वशक्तीचे अमेरिकन लायकमिंग इंजिन बसवण्याचा. पहिल्या नमुन्यातील जिप्सी मेजरच कायम राहिले असते, तर एचटी-२ चे उत्तरायुष्य कसे गेले असते, असा प्रश्न चिपमंककडे पाहताना सहज मनात येतो.

इंजिन बदलणे म्हणजे जुन्या मोटारीत नवी बॅटरी टाकणे नव्हे. सिरस हे सरळ रांगेतील, अरुंद इंजिन. लायकमिंगमध्ये सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले. म्हणजे इंजिन धरणारी चौकट नवी, नाकावरचे आवरण नवे, थंड हवेचा मार्ग नवा. वजन आणि त्याचे स्थान बदलले की विमानाचा गुरुत्वमध्य पुन्हा मोजावा लागतो. याखेरीज एक गोष्ट वैमानिकाच्या पायाशी येते. जिप्सी मेजरचा प्रोपेलर वैमानिकाच्या जागेवरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, तर सर्वसाधारण अमेरिकन इंजिनाचा घड्याळाच्या दिशेने. त्यामुळे टायगर मॉथ किंवा चिपमंक उड्डाणाच्या धावेत एका बाजूला ओढ घेते आणि अमेरिकन इंजिनाचे विमान विरुद्ध बाजूला. अशा बदलानंतर वैमानिकाला वर्षानुवर्षांची पायाची सवय मोडावी लागते.

पुष्पक : मोठ्या कुटुंबातील इंजिन

घाटगे यांच्याच काळात आखलेले ‘पुष्पक’ हे फ्लाइंग क्लबांसाठीचे हलके विमान सप्टेंबर १९५८ मध्ये प्रथम उडाले. अमेरिकन एरोन्का चीफ या विमानाशी त्याचे निकटचे साम्य होते आणि त्यात ९० अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल सी-९० इंजिन होते. सुमारे १६० पुष्पक विमाने तयार झाली. स्वातंत्र्योत्तर काळात नागरी वैमानिकांच्या एका पिढीने उड्डाणाचे पहिले धडे याच विमानावर गिरवले. पुष्पकसाठी स्वदेशी इंजिन बनवण्याचा प्रयत्नही झाला. हिंदुस्थान एअरक्राफ्टने ‘पीई-९० एच’ नावाचे चार सिलिंडरांचे, ९० अश्वशक्तीचे इंजिन आखले; तरीही क्लबांतील पुष्पक कॉन्टिनेंटलवरच उडत राहिले. हा प्रयत्न हास्यास्पद ठरवण्याचे कारण नाही. दीडशे विमानांसाठी इंजिनाचा स्वतंत्र कारखाना चालवणे कोणत्याही देशाला परवडले नसते.

पुष्पकच्या वाट्याला एचटी-२ सारखी कोंडी आली नाही, याचे कारण कॉन्टिनेंटलच्या कुटुंबात आहे. सी-९० आणि त्यानंतरचे ओ-२०० या दोन इंजिनांचे घनफळ एकच, सुमारे ३.३ लिटर. ओ-२०० हे सेस्ना १५० या अतिशय खपलेल्या शिक्षण-विमानावर बसले आणि त्यामुळे जगभर त्याच्या सुट्या भागांचा व्यापार चालू राहिला. या कुटुंबाची सावली पुष्पकवरही पडली. अडचण वेगळ्याच ठिकाणी होती. १९५७-५८ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयात परवाना हा सुट्या भागाइतकाच दुर्मीळ झाला. अमेरिकेत कपाटावर पडलेला सिलिंडर भारतातल्या क्लबला मिळण्यासाठी अर्ज, शिफारस, चलन मंजुरी आणि जकात यांची वाट पाहावी लागे. तोवर विमान जमिनीवर राही आणि विद्यार्थ्याचे तास थांबत. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या क्लबांना एक जास्तीचे इंजिन राखून ठेवणे हे चैनीचे वाटे. वस्तुतः तीच सर्वांत मोठी काटकसर ठरली असती.

हवामानाचाही या प्रश्नात वाटा आहे. लायकमिंग इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान आठवडेच्या आठवडे उभे राहिले की त्यावरचे तेल निथळून जाते आणि समुद्रकाठच्या दमट हवेत, जुहूसारख्या ठिकाणी, कॅमच्या उंचवट्यांवर गंज धरतो. कॉन्टिनेंटलच्या लहान इंजिनांत कॅमशाफ्ट खाली असल्याने हा त्रास कमी. लायकमिंगने अनेक इंजिनांसाठी दोन हजार तासांबरोबरच बारा वर्षांची मर्यादा सुचवली, तिच्यामागे अशाच कारणांचा विचार आहे. न उडणारे इंजिनही म्हातारे होते, हे क्लबांच्या हिशेबात बसवणे अवघड जाते. कारण लॉगबुकात तास दिसतात, पावसाळे दिसत नाहीत.

दीपक आणि पुरवठ्यापलीकडचा प्रश्न

एचटी-२ ची जागा घेण्यासाठी आखलेले एचपीटी-३२ ‘दीपक’ जानेवारी १९७७ मध्ये उडाले. त्यात २६० अश्वशक्तीचे, सहा सिलिंडरांचे लायकमिंग इंजिन होते. मागील अनुभवाचा विचार करता ही निवड सुरक्षित म्हणावी लागेल. उत्पादक मोठा, इंजिन प्रचलित. तरीही हवेत इंजिन बंद पडण्याच्या घटना या विमानाच्या संपूर्ण सेवेत वारंवार घडल्या. ३१ जुलै २००९ रोजी आंध्र प्रदेशातील (आजच्या तेलंगणातील) अपघातात दोन वैमानिक मृत्यू पावल्यानंतर हे विमान जमिनीवर उतरवण्यात आले आणि पुन्हा शिक्षणासाठी वापरले गेले नाही. तोपर्यंतच्या अपघातांत अनेक शिक्षक व शिकाऊ वैमानिकांनी प्राण गमावले होते. त्याच मालिकेची इंजिने इतर विमानांवर समाधानकारक चालत होती. तेव्हा चांगले इंजिन मिळवणे हा अर्धाच भाग आहे; त्याला इंधन कसे पोहोचते, त्याच्याभोवती उष्णता किती साचते आणि बिघाडांची नोंद आखणीकारापर्यंत किती तत्परतेने जाते, यावर उरलेला अर्धा अवलंबून असतो. हवाई दलाने पुढे स्वित्झर्लंडची पिलाटस विमाने घेतली. त्यांत पिस्टन इंजिन नव्हतेच.

जुने इंजिन टिकवण्यासाठी इंधनही टिकावे लागते. जिप्सी मेजर किंवा सी-९० ही कमी दाबाची इंजिने कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी आखली होती. ते इंधन मागे पडले आणि शिसेयुक्त ‘१०० एलएल’ सर्वत्र रूढ झाले, तेव्हा या इंजिनांच्या स्पार्क प्लगवर शिशाचे थर बसू लागले आणि साफसफाईचे काम वाढले. भारताला हे इंधन दीर्घकाळ आयात करावे लागे. इंडियन ऑइलने आपल्या गुजरात येथील शुद्धीकरण प्रकल्पातील देशी विमान-पेट्रोल सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आणले आणि लगेच २०२३ च्या आरंभी त्याची एक खेप न्हावा शेवा बंदरातून पापुआ न्यू गिनीला रवाना झाली. इंजिनाच्या बाबतीत असे काही घडलेले नाही. कॉन्टिनेंटल कंपनी २०११ मध्ये चीनच्या सरकारी विमान उद्योगाच्या मालकीची झाली. त्या वेळी भारतातील उड्डाण शाळांमध्ये तिच्या इंजिनांवर उडणारी विमाने होती. पण या घटनेची येथे फारशी चर्चा झाली नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे. आर. डी. टाटांनी कराची-जुहू हा प्रवास पुन्हा केला. या वेळी विमान लेपर्ड मॉथ होते आणि त्यात जिप्सी मेजर होते. त्यानंतर तीस वर्षांनी, ८ ऑक्टोबर २०१२ रोजी, हवाई दलाच्या वर्धापन दिनी हिंडन येथे एक जुने टायगर मॉथ आकाशात दिसले. सांगाडा व इंजिन यांचे पुनरुज्जीवन करून ते ब्रिटनमधून परत आणले होते.